अधांतरी नळी

परवा टेक्सासहून मावसभावाचा फोन आला. हा पठ्ठ्या फोन करतो तो एकतर भारत मॅच हरल्यावर, नाहीतर काहीतरी महागडं विकत घ्यायच्या आधी. यावेळी दुसरं कारण होतं. त्याच्याकडे रायफलीच्या घडणीचं एक पिस्तूल आहे, नळी जेमतेम साडेदहा इंच. दुकानदार म्हणतोय, हँडगार्ड बदल, नळी 'फ्री-फ्लोट' कर, नेम सुधारेल. "तू एनसीसीत होतास ना? घालू का पैसे?"

एनसीसीत मी काय दिवे लावले ते घरात सगळ्यांना माहीत आहे. (निदान तसं त्यांना वाटतं. त्याबद्दल शेवटी.) पण प्रश्न डोक्यात बसला आणि दोन रात्री वाचनात गेल्या.

फ्री-फ्लोट म्हणजे नळी फक्त मागे, जिथे ती बंदुकीच्या सांगाड्यात घट्ट बसवलेली असते, तिथेच धरायची. पुढे लाकूड, प्लास्टिक, कशाचाही स्पर्श नको. थोडक्यात, अधांतरी.

गंमत म्हणजे जुन्या लष्करी रायफली नेमक्या याच्या उलट असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ब्रिटिशांची शॉर्ट ली-एनफिल्ड घ्या. आपल्याकडे ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनायची. नळी 25.2 इंच आणि तोंडापर्यंत लाकडात गुंडाळलेली. कारण साधं, तापलेल्या नळीने शिपायाचा हात भाजू नये आणि संगिनीच्या मारामारीत बंदूक टिकावी. पण लाकूड ते लाकूडच. आषाढात आपले दरवाजे फुगून चौकटीत अडकतात, तसंच तेही फुगतं, नळीला कुठेतरी दाबतं आणि गोळी भलतीकडे जाते.

यावरचा जुना इलाज नळी मोकळी करणं हा नव्हताच! दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर 4 रायफलीत पुढचं लाकूड नळीच्या तोंडाला खालून मुद्दाम काही पौंडांचा दाब देईल असं बसवत. स्पर्श टळत नसेल, तर तो दर वेळी सारखा असू दे, हा विचार. पुढे 1970 मध्ये ब्रिटिशांनी त्याच जुन्या रायफलींपासून एल-42 ही स्नायपर रायफल केली. तेव्हा मात्र जाड नळी घातली, पुढचं लाकूड कापलं आणि नळी मोकळी सोडली.

आता आखूड नळीकडे येऊ. रेमिंग्टन कंपनीने 1963 मध्ये एक्सपी-100 हे बोल्टवालं पिस्तूल काढलं. नायलॉनचा दस्ता आणि फूटभरापेक्षाही आखूड नळी. 1967 मध्ये थॉम्प्सन-सेंटरचं कंटेंडर आलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत पिस्तुलाने लोखंडी प्राण्यांवर नेम धरायच्या स्पर्धा सुरू झाल्या. कोंबडी 50 मीटरवर, मेंढा थेट 200 वर. मग लोकांनी आखूड नळीचा कीस पाडला नसता तरच नवल. कंटेंडरचा पुढचा लाकडी भाग तर स्क्रूने नळीलाच जोडलेला. हौशी लोकांनी मध्ये एक पट्टी घालून तोही नळीपासून अलग केला.

भावाचं पिस्तूल एआर-15 च्या घराण्यातलं. त्या रायफलीचं मूळ हँडगार्ड पुढे नळीवरच टेकतं आणि पट्ट्याची कडीही नळीवरच असते. पट्टा ताणला की नळीही ओढली जाते. म्हणून 1990 च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या नेमबाजांनी नेहमीच्या हँडगार्डच्या आत एक नळकांडं लपवलं आणि ओढ त्याच्यावर घेतली. पण त्यांची नळी 20 इंची!

इथे शाळेतली फूटपट्टी आठवा. टेबलाच्या कडेवर दाबून टिचकी मारायचो ना? बाहेर जास्त काढली की लुळी पडून डुलते, कमी काढली की टर्रर्र करून लगेच थांबते. जाडी तीच ठेवून नळी निम्मी केली, तर टोकावरच्या तेवढ्याच जोराने ती आठ पट कमी वाकते. म्हणजे आखूड नळी मुळातच ताठ असते. मोकळी केल्याने गोळ्यांचा झुपका फारसा लहान होणार नाही.

पण झुपका लहान होणं वेगळं आणि तो जागेवर राहणं वेगळं. आज हातात धरून, उद्या वाळूच्या पिशवीवर टेकून, परवा पट्टा ताणून मारलं, तर स्पर्श दर वेळी बदलतो आणि झुपका सरकतो. मोकळी नळी हे सरकणं थांबवते. खरा फायदा हा.

माझे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. ते म्हणायचे, बंदुकीला नावं ठेवण्याआधी काडतूस बघ आणि काडतुसाला ठेवण्याआधी स्वतःचा हात बघ. म्हणून भावाला सांगितलं: पंचवीस यार्डांवर डबे उडवायचे असतील, तर ते पैसे चांगल्या काडतुसांवर आणि सरावावर घाल. टेकून, दुर्बीण लावून शंभर यार्डांवर मारणार असशील, तर जरूर घे.

आता शेवटचं. कॅम्पच्या स्पर्धेत माझ्या पाचपैकी दोन गोळ्या वर गेल्या आणि निवड हुकली. मी घरी सांगितलं, रायफलच वाकडी होती. बाबांनी ते खरं मानलं आणि पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगितलं. हे सगळं वाचताना लख्ख आठवलं. .22 ची ती रायफल, पुढे उघडी नळी. पहिल्या तीन वेळा डावा हात लाकडाखाली होता. मग हात दुखला आणि मी नळीच पिशवीवर टेकवली. उस्ताद मागून ओरडलेही होते, "बॅरल मत टिकाओ!"

रायफल सरळ होती. बाबा आता नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय.