येशूसंघाची अध्यापन-नियमावली व साष्टीचा पाद्री-गुरु

अध्यापन हा शिकून घेण्याचा व्यवसाय असून त्यास बांधीव नियम असावे, ही कल्पना अर्वाचीन ट्रेनिंग कॉलेजांनीं प्रथम काढली, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तो बरोबर नाहीं. कॅथलिक पंथांतील येशूसंघानें ता. ८ जानेवारी १५९९ रोजीं ‘रेशिओ स्टुडिओरम’ ही लॅटिन नियमावली कायम केली. तत्पूर्वीं १५८६ व १५९१ सालीं तिचे मसुदे तयार होऊन त्यांवर प्रांतोप्रांतींचे अभिप्राय आले होते.

ईश्वराचें ज्ञान व प्रीति उत्पन्न व्हावी हा विद्यादानाचा हेतु नियमावलीच्या आरंभींच सांगितला आहे. पुढील नियम मात्र अगदीं व्यवहारी आहेत. नवशिक्या पंतोजीनें वर्ग हातीं घेण्यापूर्वीं एखाद्या मुरलेल्या अध्यापकाजवळ आठवड्यांतून तीनदां तासभर बसून पाठ सांगणें, लिहविणें व चुका दुरुस्त करणें यांचा सराव करावा. अध्यापन-निरीक्षकानें निदान पंधरा दिवसांतून एकदां प्रत्येक वर्गांत जाऊन शिकविणें ऐकावें. गुरूनें स्वतः छडी उगारूं नये. शिक्षा करणें प्राप्तच झालें तर त्याकरितां संघाबाहेरचा मनुष्य नेमावा. गरीब किंवा हलक्या स्थितींतला म्हणून कोणास परत लावूं नये, व श्रीमंताच्या मुलाइतकीच गरिबाच्या मुलाच्या अभ्यासाची काळजी वाहावी. यांपैकीं शेवटचा नियम अध्यापनकलेचा कीं धर्माचा, हें आम्हांस वेगळें करून दाखवितां येत नाहीं. घडविणाऱ्यांसही तें वेगळें दिसत नसावें.

आतां गोव्याकडे वळूं. येथील विद्यालय या नियमावलीहून जुनें. १५४१ सालीं सान्त फे नांवानें निघालेली ही पाठशाळा पुढें येशूसंघाकडे येऊन सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली. तेथें विद्या फुकट मिळे खरी. परंतु तिसवाडींतील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न या संस्थेस लावून दिलें होतें. कोणाचाही तिरस्कार करूं नये असें सांगणाऱ्या नियमांचें मोल करतांना हा जमाखर्चही पुढें ठेवला पाहिजे. संघाचे अभिमानी तो बहुधा झांकतात. विरोधक त्याशिवाय दुसरें कांहीं पाहत नाहींत.

नियमावलींत वरच्या वर्गांची बोलण्याची भाषा लॅटिन आहे. साष्टींत तें चालणें शक्य नव्हतें. तेथें गुरूलाच शिष्याची भाषा शिकावी लागली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला व पुढें साष्टीच्या कॉलेजाचा रेक्टर झाला. त्याचें कोंकणीचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राचोल येथें छापलें गेलें; मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालींच बाहेर पडलें होतें. या पुराणाची मांडणी पाहण्याजोगी आहे. पाद्री-गुरु धर्मशिक्षण देत असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, कीं जुनीं पुराणें वर्ज्य केलींत, मग आम्हीं वाचावें काय? प्रश्न रास्त आहे. ग्रंथाचा पसारा म्हणजे त्याचें उत्तर होय. पुराण नियमावलीवरून रचलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शिष्यास आपला प्रश्न मांडूं देऊन त्याच्याच छंदांत उत्तर देणारा हा गुरु शिकविण्याचें काम जाणत होता, इतकें निश्चित.

ही वाट फार काळ मोकळी राहिली नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि १७५९ सालीं खुद्द येशूसंघासच पोर्तुगीज मुलखांतून घालवून दिलें.

क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकांतील छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत ज्ञात नाहीं. १९०७ ची मंगळूरची आवृत्ति रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. मार्स्डेन-संग्रहांतील देवनागरी प्रत लंडनमध्यें आहे. ज्यांच्या संग्रहीं अशीं सुटीं पानें असतील, त्यांनीं ओव्यांबरोबर समासही तपासावे. पाठाच्या खुणा, कठीण शब्दांचे अर्थ, पठणाचे दिवस असें कांहीं तेथें टिपलेलें असल्यास त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य पाठवावी.