रिकाम्यांची वही

आमच्या दुकानात दोन वह्या असायच्या. एक उधारीची आणि दुसरी रिकाम्यांची. उधारीची वही सगळ्याच दुकानदारांकडे असते, तिच्याविषयी नव्याने सांगण्यासारखं काही नाही. आज मला बोलायचं आहे ते दुसऱ्या वहीबद्दल.

लोणावळ्यात स्टेशनजवळ आमचं छोटं दुकान होतं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ते चालवत. चहापत्ती, बिस्किटं, मेणबत्त्या आणि बर्फाच्या पेटीत शीतपेयांच्या बाटल्या. गिऱ्हाइकाने उभ्याउभ्याच बाटली पिऊन जागेवर ठेवली, तर नुसते पेयाचे पैसे. बाटली घरी न्यायची असेल, तर वर बाटलीचं डिपॉझिट. रिकामी आणून दिली की डिपॉझिट परत. ओळखीच्या माणसाकडून अण्णा डिपॉझिट घेत नसत, वहीत नाव टाकत. 'अमुक बंगला, रिकाम्या सहा.' बाटल्या आल्या की त्या ओळीवर काट मारायची. एजंटाचा टेंपो यायचा तेव्हा भरलेलं एक क्रेट, म्हणजे चोवीस बाटल्या हव्या असतील, तर चोवीस रिकाम्या द्याव्या लागत. एक कमी पडली तर तिचे पैसे अण्णांच्या खिशातून. म्हणून ती वही.

लोणावळा हे तेव्हाही सुटीचं गाव होतं. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी बंगल्यांवर यायची आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परतायची. सोमवारी सकाळी बंगल्यांचे माळी खांद्यावर पोतं घेऊन दुकानात हजर! पोत्यात शेठ लोकांनी रिकाम्या केलेल्या बाटल्या. डिपॉझिटचे पैसे शेठ बहुधा माळ्यालाच सोडून देत. ती माळ्याची हक्काची वरकमाई. त्यामुळे बंगल्याच्या आवारात, कुंपणाबाहेर किंवा ओढ्यात एकही बाटली शिल्लक राहत नसे. गाव स्वच्छ ठेवण्याची मोहीम वगैरे कुणी काढलेली नव्हती. सोमवारची पोती ते काम करत होती.

त्या वहीत एकदा माझंही नाव चढलं. आमच्याकडे गोटी सोडाही असे. या बाटलीला बूच नसतं. मानेत काचेची गोटी असते आणि सोड्याच्या वायूचा दाब तिला वरच्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. अंगठ्याने गोटी आत ढकलली की फस्सकन आवाज होऊन बाटली उघडते. हिराम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. तिथल्या पोरांनी त्या गोट्यांसाठी बाटल्या फोडायला सुरुवात केली. हा इतिहास मला पुष्कळ नंतर कळला. आठ-नऊ वर्षांचा असताना मी मात्र दुकानामागच्या दगडावर तेच केलं. अण्णांनी मारलं नाही. वही उघडली, माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'रिकामी एक.' म्हणाले, "गोटी तुझी, बाटली सोडेवाल्याची. त्याला काय सांगू?"

बाटलीचं एवढं काय मोल, असं आज वाटेल. पण काच आपल्याकडे फार काळ बाहेरून येणारी वस्तू होती. गोऱ्या साहेबांसाठी जहाजांतून दारूच्या भरलेल्या बाटल्या यायच्या आणि त्या रिकाम्या झाल्या की त्यांचा दुसरा जन्म सुरू व्हायचा. तेल, गुलाबपाणी, औषधं, अत्तर सगळं त्यांतच भरलं जाई. मुंबईत रिकाम्या बाटल्यांचा व्यापार हा एक प्रतिष्ठित धंदा होता. सर जमशेटजी जीजीभॉय हे नाव आपल्या परिचयाचं आहे. पुण्याच्या बंडगार्डनचा बंधारा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, तेच हे. १७८३ साली जन्मलेले जमशेटजी पोरवयात मुंबईला आपल्या मामांकडे आले. त्या मामांचं आडनाव बाटलीवाला आणि धंदा रिकाम्या बाटल्यांचा. त्याच धंद्यात जमशेटजींनी व्यापाराचे पहिले धडे घेतले. पुढे चीनच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळवला, पण लोक त्यांनाही बाटलीवाला म्हणत.

१८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. घाटमाथ्यावर बंगले उठले, साहेब आणि पारशी शेठ येऊ लागले, त्यांच्यामागोमाग सोडा-लेमनेड आलं. पुण्याच्या कॅम्पात १८८४ साली सुरू झालेलं अर्देशीर यांचं सोड्याचं दुकान पुणेकरांना ठाऊक आहे. तिथल्या रासबेरीची आणि जिंजरची काचेची बाटली पिऊन परत द्यायची, हाच रिवाज.

आणि मग आमच्या मावळातच काच तयार होऊ लागली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायचा, अशी कल्पना मांडली. तोच पैसा फंड. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. तळेगावात तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. लोणावळ्याहून पुण्याला जाताना तळेगाव आलं की अण्णा आवर्जून सांगायचे, "इथे लोकांच्या पैशाची काच झाली."

काचेच्या भट्टीला वाळू, सोडा आणि चुना लागतो, तशी फुटकी काचही लागते. जुनी काच मिसळली की मिश्रण कमी उष्णतेवर वितळतं आणि जळण वाचतं. त्यामुळे अखंड बाटली परत भरायला जायची आणि फुटलेली भट्टीत. भंगारवाला दोन्ही घ्यायचा, फक्त भाव निराळा.

या व्यवस्थेचं मी नुसतं कौतुक करणार नाही. काचेची बाटली जड, वाहतुकीत फुटणारी. धुवायला पाणी आणि सोडा लागतो, आणि नीट धुतली नाही तर तळाशी काय निघेल याचा नेम नाही. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं, तीही रिकामी परत द्यावी लागे. पुढे पिशवी आली, तेव्हा घरोघरच्या बायकांनी सुटकेचा निःश्वासच टाकला असेल. आमच्या आईला तर रिकाम्या बाटल्यांचा मनापासून कंटाळा होता. पाऊस सुरू झाला की क्रेट घरात घ्यावी लागत आणि लोणावळ्याचा पाऊस चार महिने हटत नाही!

ही वही बंद कशी झाली, तेही सांगतो. नव्वदच्या दशकात शीतपेयांचा बाजार पालटला. कंपन्यांची खरेदी-विक्री झाली, काही नावं गेली, काही बाटल्यांचे आकार बदलले. आमचा एजंटही बदलला. जुन्या बाटल्यांची सहा क्रेट अण्णांकडे पडून होती. म्हणजे एकशे चव्वेचाळीस बाटल्या. नवा एजंट म्हणाला, "काका, ही बाटली आमची नाही." जुन्याने फोन उचलणं सोडून दिलं. अण्णांनी त्या बाटल्यांपोटी भरलेले पैसे तसेच बुडाले. दोन पावसाळे क्रेट मागच्या पडवीत राहिली आणि शेवटी भंगारवाल्याने ती वजनावर नेली. अण्णांना पैशाचं दुःख होतंच. पण ते पुन्हा पुन्हा एकच बोलायचे, "मी तीस वर्षं गिऱ्हाइकाची बाटली परत घेतली. माझी कोणी घेतली नाही."

डिपॉझिटच्या पद्धतीचं सगळं मर्म मला या वाक्यात दिसतं. आपल्याला वाटतं, माणसं पैशाच्या लोभाने बाटली परत आणतात. ते खरंच आहे, पण अर्धं. समोर परत घेणारा माणूस ठाम उभा असेल, तरच त्या पैशाला अर्थ. तो हटला की बाटलीवर कितीही रक्कम छापा, ती नुसती शाई.

त्यानंतर प्लॅस्टिकची बाटली आली. हलकी, न फुटणारी, परत द्यायची कटकट नसलेली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याहून लोणावळा दोन-अडीच तासांच्या आत आलं. भुशी धरणाकडे पावसाळ्यातल्या रविवारी पाय ठेवायला जागा उरेना. माळी अजूनही सोमवारी बंगला झाडतात, पण आता पोतं भरून दुकानात कोणी जात नाही.

याची किंमत कोण भरतं? माझा एक मामेभाऊ कार्ल्याजवळ शेती करतो. मावळात पर्यटकांचा हंगाम आणि भातलावणीचा हंगाम एकाच वेळी येतो. जुलैमध्ये. रस्त्याकडेच्या खाचरात चिखलणी झालेली असते, माणसं अनवाणी उतरतात आणि गुडघाभर चिखलात खालचं काही दिसत नाही. एका वर्षी गाडीतून भिरकावलेल्या दारूच्या बाटलीची काच त्याच्या तळपायात घुसली. सात टाके पडले आणि ऐन लावणीत पंधरा दिवस घरी बसावं लागलं. मजूर लावून लावणी उरकली. इंद्रायणी तांदूळ आपण कौतुकाने खातो. ज्या नदीचं नाव त्या तांदळाला आहे, ती आमच्या कुरवंड्याकडे उगम पावते आणि देहू-आळंदीला जाते. वारकरी तिथे स्नान करतात. तिच्या काठी आम्ही काय टाकतो, हे इथे उच्चारायलाही लाज वाटते.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. पाण्याच्या एक लिटर किंवा त्याहून मोठ्या बाटलीवर १ रुपया, लहान बाटलीवर २ रुपये परतीची किंमत छापायची, असं त्यात होतं. दुधाच्या पिशवीला ५० पैसे. मला तर अण्णांची वहीच परत आल्यासारखं वाटलं! त्या पावसाळ्यात मी घरातल्या डझनभर बाटल्या पिशवीत घालून बाजारात निघालो. पहिला दुकानदार हसला. दुसरा म्हणाला, "काका, मी घेईन, पण माझ्याकडून कोण घेणार?" अण्णांचाच प्रश्न, वीस वर्षांनी दुसऱ्या माणसाच्या तोंडून. रोजच्या व्यवहारात ती पद्धत रुजली नाही, याचं मला नवल वाटलं नाही.

माझा पुतण्या जर्मनीत असतो. तिथे २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर २५ सेंट अनामत आहे. दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवायची, चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर दाखवायची. पुतण्या सांगतो की, बागेतल्या कचरापेटीत कोणी बाटली टाकत नाही, शेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे गरजूला नेता येते. मला लगेच आमचे माळी आठवले. पण त्यापेक्षा मोलाची गोष्ट अशी की, तिथे असा माल विकणाऱ्या दुकानदाराला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. अमेरिकेत ऑरेगन राज्याने असा कायदा १९७१ मध्येच केला.

इतकं लांब जायचीही गरज नाही. तमिळनाडूतलं निलगिरी हे लोणावळ्यासारखंच थंड हवेचं ठिकाण. तिथल्या जंगलात दारूच्या फुटक्या बाटल्यांनी हत्ती जखमी होऊ लागले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं. २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेतात आणि रिकामी आणली की परत देतात. विकणारा आणि परत घेणारा एकच असल्याने तिथे बाटल्या परत येऊ लागल्या. आपल्या शेजारी गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आहे.

आपल्याकडे हे अशक्य आहे, असं मला वाटत नाही. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये लोणावळा देशात दुसरं आलं होतं. म्हणजे झाडणारे हात इथे आहेत. पुण्यात १९९३ पासून कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना काम करते आहे. बाबा आढावांसारख्यांनी ती वाढवली. तिच्या नावातच काच आहे. कोणत्या बाटलीला काय भाव येतो, हे त्या बायकांइतकं कुणालाच कळत नाही. भुशीच्या वाटेवर, कार्ल्याच्या पायथ्याशी, लोणावळा स्टेशनवर परत घेणारी चार-पाच टेबलं मांडली, तिथे या बायकांना बसवलं आणि त्यांनी घेतलेली प्रत्येक बाटली कंपनीने निमूटपणे उचलायची असं कायद्याने बांधलं, तर सोमवारची पोती पुन्हा दिसू लागतील. या साखळीतला शेवटचा माणूस नाही म्हणाला, तर मात्र सगळं अण्णांच्या सहा क्रेटसारखं पडवीत कुजेल.

अण्णा गेल्यावर कपाट आवरताना ती वही सापडली. बहुतेक ओळींवर काट मारलेली होती. काही बंगल्यांची नावं तशीच राहिली होती, ती माणसंही आता नसतील. एका पानावर माझं नाव आहे, पुढे 'रिकामी एक'. त्यावर काट नाही. सोडेवाल्याला त्या बाटलीचे पैसे अण्णांनी कधीच दिले असणार. ओळ मात्र त्यांनी तशीच ठेवली. मीही ती तशीच ठेवली आहे.

(नभोवाणी भाषणाचे संपादित शब्दांकन)