ग्रंथनगरीतून पर्यटन : हे-ऑन-वाय, विग्टाउन आणि भिलार यांचा तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लहान गावाकडे पर्यटकांनी वळावे यासाठी महोत्सव भरविणे हा आज सर्वमान्य उपाय ठरला आहे. तथापि अनेक महोत्सव मांडव उतरताच विस्मृतीत जातात. काही मोजके मात्र गावाची ओळख बनतात. हा फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर महोत्सवाच्या खर्चात किंवा जाहिरातीत मिळत नाही. ते त्या गावाच्या इतिहासात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात वेल्समधील हे-ऑन-वाय, स्कॉटलंडमधील विग्टाउन आणि महाराष्ट्रातील भिलार या तीन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

हे-ऑन-वाय : आधी व्यापार, मग उत्सव

वाय नदीच्या काठी, वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवर वसलेले हे-ऑन-वाय हे दोन हजारांहून कमी वस्तीचे बाजाराचे गाव. १९६२ च्या अखेरीस येथील रेल्वेमार्ग प्रवाशांसाठी बंद झाला आणि बाहेरच्या जगाशी असलेला एक महत्त्वाचा दुवा तुटला. त्याच सुमारास रिचर्ड बूथ (१९३८-२०१९) यांनी येथे जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले. मोडीत निघालेल्या ग्रंथालयांतील पुस्तके ते घाऊक विकत घेत, अमेरिकेतूनही साठे आणवत. गावातील रिकाम्या इमारती हळूहळू पुस्तकांनी भरू लागल्या. इतर विक्रेतेही येऊन स्थायिक झाले. दि. १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी हे-ऑन-वाय स्वतंत्र राज्य असल्याचे घोषित करून स्वतःस राजा म्हणवून घेतले. घोषणा विनोदी होती. परंतु वृत्तपत्रांनी ती उचलून धरली आणि गावाला कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती एवढी प्रसिद्धी मिळाली. या विनोदामागे गंभीर आशयही होता. ग्रामीण भागाचा विकास दूरच्या सरकारी मंडळांनी ठरवावा, याला बूथ यांचा विरोध होता.

येथील सुप्रसिद्ध साहित्य महोत्सव १९८८ मध्ये सुरू झाला. नॉर्मन फ्लॉरेन्स, रोडा लुईस आणि त्यांचे पुत्र पीटर फ्लॉरेन्स हे त्याचे संस्थापक. म्हणजेच पहिले दुकान आणि पहिला महोत्सव यांच्यात सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. २००१ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन येथे येऊन गेले. पुढे महोत्सवाच्या शाखा परदेशांतही निघाल्या. २०१० मध्ये तिरुवनंतपुरम येथेही तो भरला. गावात मात्र वाढत्या गर्दीमुळे मंडप वस्तीबाहेरच्या कुरणात न्यावे लागले. उत्सव मोठा झाला, की तो गावापासून दूर सरकू लागतो आणि त्याचा लाभ गावातील दुकानदारापर्यंत पोहोचतोच असे नाही, हा धडा येथे मिळतो.

विग्टाउन : नियोजित ग्रंथनगरी

हे-ऑन-वायचे अनुकरण यथावकाश इतरत्र होऊ लागले. बेल्जियममधील रेदू हे खेडे १९८४ मध्ये ग्रंथग्राम झाले. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येकडील विग्टाउनची कथा अधिक उद्बोधक आहे. येथील दूध प्रक्रिया कारखाना बंद झाला आणि १९९३ मध्ये नजीकच्या ब्लाडनॉख येथील मद्यनिर्मितीही थांबली. सुमारे हजार वस्तीच्या या गावात बेकारी वाढली, मुख्य चौकातील घरे ओस पडली. १९९८ मध्ये विग्टाउनला स्कॉटलंडची राष्ट्रीय ग्रंथनगरी असा दर्जा मिळाला आणि लगेच १९९९ मध्ये ग्रंथोत्सव सुरू झाला. शरद ऋतूतील या दहा दिवसांच्या उत्सवात स्थानिक स्वयंसेवकांचा मोठा वाटा असतो. येथे आणखी एक कल्पक उपक्रम चालतो. पाहुणा भाडे भरून दुकानाच्या माडीवर राहतो आणि आपल्या मुक्कामात खालचे पुस्तकांचे दुकान स्वतः चालवतो. उत्सवाचे दिवस संपल्यावरही पर्यटक येत राहावा, याची ही योजना होय.

भिलार : शासकीय पुढाकार, घरोघरी पुस्तके

हे-ऑन-वायच्या प्रेरणेने सातारा जिल्ह्यात पाचगणीनजीक भिलार येथे दि. ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ साकारले. राज्य मराठी विकास संस्थेने हा प्रकल्प राबविला. प्रारंभी घरे, मंदिरे, शाळा आणि निवासस्थाने अशा २५ ठिकाणी सुमारे १५ हजार मराठी पुस्तके ठेवण्यात आली. कथा, कविता, चरित्र, संतसाहित्य, बालसाहित्य अशी प्रत्येक ठिकाणाची विषयवार विभागणी झाली. चित्रकारांनी भिंती रंगविल्या.

मूळ प्रेरणा एक असली तरी येथे मूलभूत भेद दिसतो. हे-ऑन-वाय येथे पुस्तक ही विक्रीची वस्तू होती. भिलार येथे ते विनामूल्य वाचावयाचे आहे. त्यामुळे गावाचे उत्पन्न पुस्तकांतून नव्हे, तर निवास, भोजन आणि स्ट्रॉबेरीच्या विक्रीतून यावे लागते. पाचगणी-महाबळेश्वरकडे येणारा पर्यटक आधीच उपलब्ध होता, ही भिलारची जमेची बाजू. उलट पुस्तकांची देखभाल आणि नवी भर यांसाठी संस्थेच्या अर्थसाहाय्यावर अवलंबून राहावे लागते, ही मर्यादा होय. घराची ओसरी परक्या वाचकासाठी वर्षभर उघडी ठेवणारे कुटुंब हाच या प्रकल्पाचा खरा आधार आहे. त्याच्या श्रमाची नोंद मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.

निष्कर्ष

१. उत्सव हा गावाच्या अर्थजीवनाचा कळस असतो, पाया नव्हे. वर्षभराचा व्यवसाय आधी उभा असेल किंवा उत्सवाबरोबर उभा केला जात असेल, तरच उत्सव टिकतो.

२. शासकीय पुढाकाराने आरंभ सुलभ होतो. परंतु सातत्य स्थानिकांच्या सहभागावर व मालकीच्या भावनेवर ठरते.

३. उत्सवाचे यश गर्दीवरून न मोजता, उत्पन्नातील किती वाटा गावात राहिला यावरून मोजले पाहिजे.

४. अनुकरण करताना मूळ प्रारूपातील आर्थिक यंत्रणा कोणती, हे तपासणे आवश्यक आहे. केवळ बाह्य रूप उचलल्यास उपक्रम फलकापुरता उरण्याची भीती असते.

महाराष्ट्रात ग्रंथदिंडी, जत्रा, व्याख्यानमाला यांची परंपरा जुनी आहे. या परंपरेमागे गावकऱ्यांची वर्गणी आणि राबणूक असे, अनुदान नव्हे. पर्यटनविकासाच्या योजना आखताना हा इतिहास विचारात घेतला, तर उत्सव पाहुण्यांसाठी भरविला तरी तो गावाचाच राहील.