मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक

तालुक्याच्या गावाहून निघणारे कोणतेही साप्ताहिक हाती घ्या. शेवटच्या पानाच्या तळाशी, जाहिरातींच्याही खाली, अगदी बारीक टायपात एक मजकूर असतो: हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून अमुक ठिकाणाहून प्रसिद्ध केले. त्यालाच जोडून बहुधा असेही असते, की प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही. वाचक ही ओळ वाचत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातले जुने अंक चाळताना मी मात्र आधी तीच वाचतो. स्वतःच्या बळावर छापून प्रसिद्ध करणाऱ्या माणसाला कोणाकोणाला बांधून राहावे लागले, हे त्या दोन ओळींतून जितके कळते तितके अग्रलेखातून कळत नाही.

ही ओळ १८६७ च्या कायद्याची देणगी. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण हवे, नियतकालिक काढायचे तर मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र हवे. उद्देश उघड होता. मजकूर डोईजड झाला तर कोणाच्या दारात शिपाई पाठवायचा, हे सरकारला आधीच माहीत असावे. १९१० च्या प्रेस कायद्याने त्यात पैशाची भर घातली. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपयांचा जामीन मागता येई. मॅजिस्ट्रेटला वाटले तर तो माफही होई, आणि खरी गोम त्या माफीतच होती. माफ केलेली गोष्ट मागाहून मागता येते. जामीन एकदा जप्त झाला, की पुन्हा छापखाना चालवायला १०,००० पर्यंतची रक्कम भरण्याचा प्रसंग येई.

आपला जिल्हा त्या वेळी नुकताच 'यवतमाळ' झाला होता. १९०५ पर्यंत त्याचे सरकारी नाव वणी जिल्हा. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, १९०२ च्या कराराने कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आलेले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे वेगळ्या अधिसूचनेने लागू करावे लागत. कायदे लागू व्हायचे मात्र राहत नसत. अशा मुलखात १९१८ साली लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळहून 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. बापूजी मूळचे वणीचे, १९०८ पासून यवतमाळात वकिली करणारे आणि टिळकांचे अनुयायी. 'लोकमत' हे नाव टिळकांनीच सुचवले, असे सांगतात. पुढे १९३० साली पुसदच्या जंगल सत्याग्रहात बापूजींना अटक झाली आणि १९३१ च्या नव्या प्रेस कायद्याने जामिनाची टांगती तलवार परत आणली. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी हेच नाव यवतमाळात पुन्हा उभे केले आणि १९७१ च्या डिसेंबरात नागपुरात त्याचे दैनिक झाले. ती कथा सर्वांना ठाऊक आहे आणि ती मोठ्यांची कथा आहे. मला सांगायचे आहे ते त्या साप्ताहिकांबद्दल, जी कधी मोठी झाली नाहीत. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा या गावांच्या मेन रोडवर, एका खोलीत एका ट्रेडल मशीनवर जी निघत राहिली.

टिळकांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांचा एक कमी माहीत असलेला उद्योग सांगतो. देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील यावर त्यांनी बराच काळ डोके घातले होते. इंग्रजी जुळवणाऱ्याचे काम शे-दीडशे खिळ्यांत भागते; मराठीला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा धरून त्याच्या कितीतरी पट घरे लागतात. राजकारणाच्या धबडग्यातल्या संपादकाने खिळे मोजत बसावे, याचे मला पूर्वी नवल वाटे. छापखान्यात काम केल्यावर ते गेले. ज्याला स्वतःचे पत्र स्वतः काढायचे आहे, त्याला अक्षरांचा हिशेब चुकत नाही.

मी तालुक्याच्या एका छापखान्यात खिळ्यांच्या जमान्याची शेवटची काही वर्षे पाहिली. जुळारी उभ्याने काम करी. डाव्या हातात स्टिक, उजवा हात घरांवरून फिरत राही, नजर हस्तलिखितावर. ओळ उलटी वाचायची आणि मात्रा, अनुस्वार, उकार यांचे वेगळे तुकडे वरखाली बसवायचे, म्हणजे प्रत्येक ओळ तीन मजली. छापून झाले, की फर्मा सोडून एकेक खिळा पुन्हा आपल्या घरात. सोमवारी जुळवायला सुरुवात, बुधवारी प्रूफ, गुरुवारी रात्री मशीन, शुक्रवारी घड्या आणि टपालाची तिकिटे. बाहेरगावची बातमी एसटीच्या कंडक्टरच्या हाती लिफाफ्यातून येई. संपादक हाच मालक आणि बऱ्याचदा मशीनला कागद लावणाराही तोच. चौकटीतली ओळ शब्दशः खरी असे.

त्यात गोडवा पाहणारे लोक मला भेटतात. शिसे हाताळून जेवायला बसणाऱ्या जुळाऱ्याला विचारा, असे त्यांना सांगावेसे वाटते. पगार तुटपुंजा, खोलीत उजेड कमी, पन्नाशीच्या आत चष्मा जाड. साप्ताहिकाचा चरितार्थ बातम्यांवर नव्हे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, न्यायालयाच्या नोटिसा आणि १५ ऑगस्टच्या शुभेच्छा जाहिरातींवर चाले. सरकारी यादीत नाव असले तर जाहिराती मिळत, आणि यादीत नाव राहावे म्हणून काही बातम्या मागे राहत. जामिनाचा कायदा गेला होता, जामीन वेगळ्या रूपात शिल्लक होता.

तरी त्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. खिळे छापखान्याचे होते आणि छापलेले अक्षर कोणालाही वाचता येई. आमच्याकडे 'ऱ्य'चे खिळे मोजके होते. आमच्या भागात शेतकऱ्यांवाचून एक परिच्छेद लिहून होत नाही, त्यामुळे तिसऱ्या पानापर्यंत ते संपत. मग जुळारी संपादकाला हाक मारून विचारी, "साहेब, इथं 'कास्तकार' घातलं तर चालते का?" आणि चाले. आमच्या बोलीत तोच शब्द जास्त जवळचा.

नव्वदच्या दशकात संगणक आला. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी जिस्ट कार्ड आणि पुढे आयएसएम आणले, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली, आकृती आली, कृतिदेव आला. ट्रेडल भंगारात गेले, शिसे वजनावर विकले. पेजमेकर शिकलेला एक मुलगा आठवड्याचे काम दोन दिवसांत करू लागला. अक्षर सुबक, फोटो टाकणे सोपे, छपाई जिल्ह्याच्या गावी ऑफसेटवर. साप्ताहिकवाल्यांना वाटले, आता आपण खरे स्वतंत्र. कोणाला ते वाटले नसते?

पण ही अक्षरे आतून कशी साठवली जातात, हे कोणी पाहिले नव्हते. संगणकाच्या इंग्रजी वर्णमालेच्या जागांवरच मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली होती, आणि प्रत्येक कंपनीची बैठक निराळी. कृतिदेवात इंग्रजी 'डी'च्या जागी 'क'. श्रीलिपीच्या एका प्रचलित फाँटात 'क' दोन तुकड्यांचा, एक इंग्रजी 'एच' आणि पुढे डॉलरचे चिन्ह. फाँट असेपर्यंत पडद्यावर मराठी. फाँट काढला, की खाली नुसता इंग्रजी चिन्हांचा कचरा. काही पॅकेजांबरोबर संगणकाला मागून लावायचे डोंगल येई. ते बिघडले, की स्वतःच लिहिलेला अग्रलेख स्वतःला उघडता येत नसे. पूर्वी खिळे आपल्या मालकीचे होते. आता वर्णमालाच भाड्याने घेतल्यासारखे झाले.

एक सामाईक मानक नव्हते असेही नाही. केंद्र सरकारचे 'इस्की' १९९१ मध्ये प्रमाणित झाले होते आणि त्याच्या आधीच्या मसुद्यावर आधारित देवनागरी त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत आली. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड चालू लागली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो युनिकोडवरच. तालुक्याच्या छापखान्यात मात्र युनिकोड फार उशिरा पोचले. पेजमेकरला ते कळत नसे, ऑपरेटरचा हात जुन्या कळफलकावर बसलेला होता आणि छापील कागदावर फरक दिसत नव्हता. त्या काळी मराठी दैनिकांच्या साइटसुद्धा आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यायला सांगत.

ही वर्षे कोणती होती, ते लक्षात घ्या. साधारण १९९७ पासून पुढचे दशक. कापसाचे भाव, सावकारी, आत्महत्या. पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ मध्ये विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, २००८ मध्ये देशभराची कर्जमाफी आली. या जिल्ह्याकडे साऱ्या देशाचे लक्ष होते असा काळ यापूर्वी आला नव्हता. त्या काळाचे इंग्रजीत लिहिले गेलेले बरेच काही आज घरबसल्या शोधून सापडते. पी. साईनाथ यांचे 'द हिंदू'मधले लेख, अहवाल, समित्यांची टिपणे. आणि याच गावांत राहून, त्याच घरांशी ओळख असलेल्या माणसांनी दर आठवड्याला मराठीत जे लिहिले, ते शोधयंत्राला सापडत नाही. ते आहे, पण जुन्या सीडींवर, फ्लॉपींवर, संगणक ज्याला मराठी म्हणून ओळखत नाही अशा फायलींत. उद्याचा संशोधक यवतमाळचा इतिहास इंग्रजीतून लिहील, कारण मराठी साधने त्याच्यापुरती नसल्यासारखीच आहेत. मला याची चिंता वाटते. जप्तीच्या कायद्याने जे साधले नसते, ते फाँटच्या बैठकीने साधले.

कागद टिकला असेल, असे कोणी म्हणेल. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा १९५६ पासून वृत्तपत्रांनाही लागू आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना अंक पाठवायचा असतो. पण तालुक्याच्या साप्ताहिकाला टपालखर्च दिसतो, कायदा दिसत नाही. घरच्या फायलींचे हाल वाळवी आणि पावसाळ्याला विचारावेत.

आता वेबची गोष्ट. स्वतःचे प्रकाशन इतके स्वस्त यापूर्वी कधीच नव्हते. वर्षाला डोमेनचे आणि जागेचे भाडे भरले, की झाले. साईनाथ यांनीच डिसेंबर २०१४ मध्ये 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, सुरू केले, तिथे लेख मराठीतही वाचता येतात. २०१७ च्या खरिपात फवारणीतून विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाचे सविस्तर वार्तांकन त्यामुळे आज वाचायला मिळते. याउलट फुकटच्या जागेवर बांधलेले घर कधी मोडेल याचा नेम नसतो. जिओसिटीज २००९ मध्ये आणि ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, तेव्हा लोकांना सामान हलवायला थोडके महिने मिळाले. आज तालुक्याचे बरेचसे बातमीदार लिहितात ते व्हॉट्सॲपच्या गटात. ते दुसऱ्या दिवशी वर सरकते आणि दिसेनासे होते.

त्यांचे कामही बदलले. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे त्याच्यासाठी होता. शिकवण्या घेणारा किंवा दुकान चालवणारा तालुका बातमीदार त्या व्याख्येत बसत नसे, आणि आपल्याकडे बहुतेक असेच. त्याला मानधनापेक्षा जाहिरातीचे कमिशन जास्त मिळते. जुळाऱ्याला निदान शुक्रवारी काम संपल्याचे कळत असे. याचा फोन रात्री अकरालाही वाजतो.

१८६७ चा कायदा जाऊन त्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. आता नोंदणी ऑनलाइन होते. वेबवरच्या बातमी-प्रकाशनाला २०२१ चे नियम आहेत, त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर द्यावा लागतो. एकट्याने साइट चालवणाऱ्याकडे तळाशी पाहिले, तर मालक, संपादक आणि तक्रार निवारण अधिकारी यांचे नाव एकच असते. ओळ लांबली, माणूस तोच.

गेले वर्षभर मी संध्याकाळी जुन्या फायली युनिकोडमध्ये आणतो आहे. परिवर्तक मोफत मिळतात, पण त्यांच्यावर सोडून चालत नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तिथे नंतर, इथे आधी. हे फिरवताना एखादी जागा हुकते आणि 'कर्जमाफी'ची 'कजर्माफी' होते, म्हणजे शोधणाऱ्याला ती पुन्हा सापडत नाही. हिंदीसाठी घडवलेल्या फाँटांत 'ऱ्य' नव्हतेच, ऑपरेटरांनी वेळ मारून नेली होती. त्यामुळे 'शेतकऱ्यांना' हा शब्द एकाच अंकात चार तऱ्हांनी सापडतो. तो यंत्राला देता येत नाही, प्रत्येक ठिकाणी हाताने दुरुस्त करावा लागतो. एका अंकाला साधारण दोन संध्याकाळी जातात. २००४ पर्यंतचे झाले, २००५ चे काढले आहेत.