चावी आहे, कुलूप नाही : एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या दाराचा इतिहास



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इथे भातसानगरच्या वसाहतीत, एका शेडखाली आमच्या स्नेह्यांची लाल, दोन आसनी मोटार उभी असते. शाळा सुटली की मुलं तिच्याभोवती जमतात. त्यातल्या एकाने दारावर वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि विचारलं, "आजोबा, याला हँडल कुठंय?" आम्ही म्हटलं, नाहीच. "मग चावीचं भोक?" तेही नाही. पोरगं आमच्याकडे असं बघायला लागलं, जणू आम्हीच ते कुठेतरी लपवून ठेवलंय. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला तेव्हा न देता आलेलं उत्तर आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मोटारीचं शिक्षण निवृत्तीनंतर रविवारी सकाळी झालं. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

गाडी एमजीए. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या तयार झाल्या. आमच्यासमोरची १९५८ची आहे, उघड्या टपाची, म्हणजे रोडस्टर. हिच्या दारांना बाहेरून हँडल नाही. आतल्या बाजूला दारात एक तार ताणलेली आहे. बाहेरून हात आत घालायचा, तार ओढायची, दार उघडतं. पाऊस असेल तर वर कापडी हूड चढवायचं आणि दारांवर साइड स्क्रीन बसवायचे. साइड स्क्रीन म्हणजे चौकटीत बसवलेलं कापड आणि पारदर्शक प्लास्टिक. तेही बसवलेले असले, तरी त्यातल्या फटीतून हात आत जातोच. बॉनेट आतून उघडतं. डिकीसुद्धा आतूनच, आसनांच्या मागची खीळ ओढून. चावी एकच, तीही फक्त इग्निशनची. गाडी सुरू करायची तर चावी फिरवून भागत नाही, वेगळी खुंटी ओढावी लागते. म्हणजे चावी आहे, पण ती कुठलंही दार उघडत नाही.

हे वेडेपण आहे का? आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण जरा विचार केला की त्यातला तर्क दिसतो. ज्या गाडीची खिडकी कापडाची आहे, ती ब्लेडने एका मिनिटात फाडता येते. तिच्या दाराला कुलूप लावून काय राखणार? उलट कुलूप लावलं तर चोर कापड फाडेल, आणि चोरीच्या नुकसानीत कापडाचं नुकसान वाढेल. कुलपाला आधी चारी बाजूंनी बंद असलेली जागा लागते. याचा पुरावा त्याच गाडीच्या इतिहासात आहे. १९५६ साली एमजीएची कूपे आली, म्हणजे पक्क्या छपराची आणि वरखाली होणाऱ्या काचांची गाडी. तिच्या दारांना लगेच बाहेरून हँडल आणि कुलूप आलं. पुढे १९६२ साली एमजीबी आली. ती उघड्या टपाची, पण तिला काचा होत्या, म्हणून हँडल आणि कुलूपही. काच आली आणि तिच्या मागोमाग कुलूप आलं. चोर वाढले म्हणून कुलूप आलं, असं निदान या गाड्यांच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही.

आता ही गाडी आपल्याकडे कशी आली? इथे थोडं मागे जावं लागेल. मुंबईत मोटारी जुळवण्याचं काम जुनं. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ साली सुरू झाला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की इथे खरोखर उत्पादन करायचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा १९५४ साली गुंडाळला. एमजीएचा जन्म १९५५चा! म्हणजे ही गाडी बाजारात आली तेव्हा आपलं दार बंद झालेलं होतं. तरी ती आली. कुणी परदेशातून कायमचं परतताना आणली, कुणी वकिलातीतल्या अधिकाऱ्याने आणलेली नंतर सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत इथल्या माणसाला मिळाली. अशा गाड्या मोजक्या होत्या, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारा विक्रेता नव्हता.

मग त्या जगल्या कशावर? जगल्या टॅक्सीवर. आणि ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त आवडते. एमजीएचं सुरुवातीचं इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसी कंपनीच्या 'बी' मालिकेतलं. आपल्या ॲम्बॅसडरला १९५९च्या सुमारास जे इंजिन बसलं, तेही १४८९ सीसीचं, त्याच मालिकेतलं. एकीकडे वाऱ्यावर केस उडवत जायची श्रीमंती चैन, दुसरीकडे सरकारी साहेबांची पांढरी, पडदे लावलेली गाडी. बॉनेट उघडलं की दोघी सख्ख्या चुलतबहिणी. एमजीएला दोन कार्ब्युरेटर आहेत, बाकीही फरक आहेत, सगळंच जसंच्या तसं बसत नाही. पण हेड गॅस्केट, पॅकिंग, व्हॉल्व्ह, पॉइंट, डिस्ट्रिब्युटरची टोपी अशा वस्तूंसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ॲम्बॅसडरचं नाव घेतलं की काम होत असे. ॲम्बॅसडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण भाग अजून सापडतात.

दाराचं मात्र तसं नाही. ॲम्बॅसडरचं दार हिला बसत नाही, फियाटचं बसत नाही, कुणाचंच बसत नाही. त्यामुळे इंजिनाचं ज्ञान हजारो मिस्त्रींकडे पसरलं आणि दाराचं ज्ञान दोन-चार माणसांकडे राहिलं. आमच्या गाडीचं दार ज्यांना कळत होतं ते वस्ताद मुंबईत पत्र्याचं काम करायचे. आता ते नाहीत. त्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही. आम्ही लोक पुस्तकं लिहितो, आणि त्यातलं किती कुणाच्या उपयोगी पडतं हा प्रश्न वेगळा. त्यांनी एका रविवारी तोंडी सांगितलं तेवढं आमच्याकडे आहे, ते इथे नोंदवून ठेवतो.

पहिली गोष्ट, दार लागत नाही म्हणून लगेच लॅचला हात घालू नका. या गाडीत चासी वेगळी आणि बॉडी वेगळी. दाराखालचा पत्रा, ज्याला सिल म्हणतात, तो आणि खांबाचा तळ गंजला की बॉडी बसते आणि दाराची फट वर रुंद, खाली अरुंद होते. आधी फटी पाहा. मग दार अर्धं उघडून हाताने वर उचला. खुळखुळलं तर बिजागरी सैल. फट बरी आणि बिजागरी घट्ट असेल, तरच समोरच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे लॅच जिथे अडकतो तो तुकडा, स्क्रू किंचित ढिले करून सरकवा. एका वेळी केसभर. आमच्यातल्या एकाने उत्साहात एकदम बराच सरकवला आणि दार कसाऱ्याच्या अलीकडे चालत्या गाडीत उघडलं. लॅचचा दुसरा टप्पा होता म्हणून निभावलं.

दुसरी, लॅचमध्ये घट्ट ग्रीस भरू नका. ग्रीस पुढच्या चाकांच्या सांध्यांना, निपलमधून, ग्रीस गनने. त्यात कंजुषी नको. दाराच्या लॅचमध्ये मात्र ग्रीसवर रस्त्याची धूळ बसते आणि त्याचा गारा होतो. रॉकेलने धुवा, सुकवा, शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा, बस्स. तिसरी, ती तार. ती तुटते, आणि हूड चढवलेलं असतानाच तुटते. आमची तुटली तेव्हा शहापूरच्या सायकलवाल्याकडून ब्रेकची तार आणून बसवली, ती अजून चालू आहे. तार तुटली तर दार ओढत बसू नका. हूडची मागची बटणं सोडवा आणि आत हात घालून लॅचच हलवा.

पावसाचंही सांगितलं पाहिजे, कारण शहापूर-मुरबाडचा पाऊस ॲबिंग्डनच्या माणसांनी पाहिलेला नव्हता. गाडीची जमीन प्लायवूडची आहे. हो, लाकडाची! साइड स्क्रीनमधून आलेलं पाणी गालिच्याखाली साचतं आणि प्लायवूड कुजतं. दारांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, बॉडीचा बराचसा भाग पोलादी. दोन धातू जिथे भिडतात तिथे ओल राहिली की पांढरी भुकटी सुटते. म्हणून जून ते सप्टेंबर गालिचे काढून ठेवायचे आणि उघडीप मिळाली की दारं उघडी टाकायची. आसनांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. नवीन इलेक्ट्रिशियनला हे आधी सांगा, तो पाना हातात घ्यायच्या आधी.

आता थोडं अवघड. आमच्या गाडीच्या उजव्या दारावर बारकाईने पाहिलं तर रंगाखाली एक गोल उंचवटा जाणवतो. आधीच्या कुणा मालकाने तिथे पत्रा कापून देशी गाडीचं हँडल आणि कुलूप बसवलं होतं. पुढे कुणीतरी ते काढून भोक बुजवलं. कापणारा अडाणी होता असं जाणकार म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. त्या काळात साध्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. ज्या वस्तूला बदली मिळणार नाही, ती रात्री गल्लीत बिनकुलपाची कशी ठेवणार? कापडाच्या खिडकीजवळ कुलूप निरर्थक, हे त्यालाही कळत असणार. तरी त्याने लावलं. आपल्याकडच्या टंचाईचा इतिहास तेवढ्या रुपयाएवढ्या भोकात आहे, आणि आम्ही तो बुजवलेलाच राहू दिला हे बरं की वाईट, यावर आमच्यात दोन तट आहेत.

हा वाद आता नुसता गप्पांचा राहिलेला नाही. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अट योग्यच आहे, नाहीतर कुणीही काहीही जोडून आणेल. पण मूळ म्हणजे काय? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, मग रथ कुठला? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. आमच्या गाडीत ॲम्बॅसडरची गॅस्केट आहे, मुरबाडच्या सुताराने कापलेलं प्लायवूड आहे, सायकलची तार आहे. हे भाग नसते तर मूळ गाडी शिल्लक राहिली असती का? कुर्ल्याच्या भंगारात तुकड्यांनी गेली असती. आमचं मत असं, की चासी, बॉडी, इंजिन यांच्याबद्दल नियम कडक असावा, पण झिजणाऱ्या भागांसाठी कुठला भाग कधी, का आणि कशाने बदलला याची वही ही मूळपणाचाच भाग धरावी. आम्ही तशी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर वस्तादांनी सांगितलेलं आहे, दुसऱ्यावर त्या भोकाचं माप.

वेळ झाली, आयोजक घड्याळ दाखवत आहेत. गाडी बाहेर उभी आहे, हात आत घालून तार ओढून पाहा. सुरुवातीला सांगितलेला तो मुलगाही आला आहे, तो दाखवेल. फक्त उजवं दार हळू लावा, त्याचा स्ट्रायकर कालच सरकवला आहे.