थंडीतली शर्यत

दिवाळीच्या पहाटे आमच्या चाळीसगावावर पांढुरका पडदा उतरतो. त्यात धुके किती आणि फटाक्यांचा धूर किती, कोण सांगणार? शाळेतली मुले मात्र त्यातूनच धावायला निघतात.

धावणाऱ्यांचे हे दुखणे जुनेच. १९०४ साली सेंट लुईसच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये मोटारींनी उडविलेली धूळ पोटात जाऊन विल्यम गार्शिया रक्तस्रावाने रस्त्यात कोसळला. ३२ जण निघाले होते, पोचले १४.

उन्हाच्या भयाने आपल्याकडे मोठ्या शर्यती थंडीत घेतात. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते. परंतु पायांना मानवणारा ऋतू फुप्फुसांना मानवतोच असे नाही. गार, स्तब्ध हवेत धूर जमिनीलगत कोंडून राहतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत त्यापायी शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अर्धमॅरेथॉन पुढे ढकला, अशी विनंती डॉक्टरांच्या संघटनेने केली; तरी १९ तारखेला ती झालीच.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. जिवाच्या आकांताने धावणारा शंभराच्या घरात. धूरही त्याच मापाने आत जातो.

पाडव्यानंतर मुले पुन्हा मैदानावर जमतील. समोरचे झाड धुरकट दिसले, तर त्या दिवशी मी शिट्टी वाजविणार नाही.