धंद्याचें ब्रीद

आमच्या परिचयाचे दोन तरुण अभियंते नुकतेच नोकऱ्या सोडून स्वतंत्र धंद्यास लागले आहेत. लहान दुकानदार, छापखानेवाले, औषधविक्रेते, दहा-वीस माणसांचे कारखानदार यांनीं आपल्या व्यवहारांत संगणकाचा उपयोग कसा करून घ्यावा याचा सल्ला द्यावयाचा, आणि जरूर ती व्यवस्था लावून द्यावयाची, असा हा धंदा आहे. सहा वर्षांची शिल्लक त्यांनीं यांत घातली आहे. जागा भाड्यानें मिळाली, टेबलें आलीं, पाटीहि रंगविण्यास गेली. परंतु पाटीवर नांवाखालीं कोणतें वाक्य घालावें येथें गाडें अडलें, आणि लेखणीचा व्यवसाय करणाऱ्या आम्हांस ते विचारावयास आले. बरोबर तीस-चाळीस वाक्यांची एक यादी होती. तींत ‘प्रगतीचा विश्वासू सोबती’ होता, ‘उज्ज्वल उद्यांकडे’ होतें, आणि ‘उत्कृष्टतेचा ध्यास’ तर तीन निरनिराळ्या रूपांत होता. यादी वाचून आम्हांस असें वाटलें कीं, यांतील बहुतेक वाक्यें उचलून शेजारच्या पतपेढीच्या किंवा शिकवणीवर्गाच्या पाटीवर घातलीं, तरी कोणास कांहीं चुकल्यासारखें वाटणार नाहीं.

आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली. त्या अवधींत या विषयाचा पूर्वेतिहास चाळतांना जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रश्न वरवर दोन तरुणांचा दिसला, तरी ज्यास आपल्या कामाची ओळख अनोळखी माणसास चार शब्दांत करून द्यावयाची आहे, अशा प्रत्येकाचा तो आहे.

इंग्रजींत अशा वाक्यास ‘स्लोगन’ म्हणतात. हा शब्द स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतील गेलिक भाषेंतून आला. त्याचे मूळचे दोन अवयव ‘सैन्य’ आणि ‘आरोळी’ या अर्थांचे आहेत. म्हणजे ती रणगर्जना होय. आपल्याकडे ‘हर हर महादेव’ या आरोळीचें जें कार्य, तेंच या शब्दाचें मूळ कार्य. रणांतून तो राजकारणांत गेला आणि तेथून बाजारांत उतरला. मराठींत हल्लीं रूढ असलेला ‘घोषवाक्य’ हा शब्दहि घोषाशीं, म्हणजे आवाजाशींच नातें सांगतो. परंतु आपल्या भाषेंत याहून जुना एक शब्द आहे, तो ‘ब्रीद’. संस्कृत ‘बिरुद’ शब्दाचें हें मराठी घरांत वाढलेलें रूप. आपल्या विद्येचा किंवा पराक्रमाचा अभिमान वाहणारा पुरुष पूर्वीं ब्रीदाचा तोडर पायांत बांधी. तो बांधला कीं परीक्षेस नाहीं म्हणण्याची सोय उरत नसे. म्हणूनच मराठी माणूस घोष करतो, पण ब्रीद राखतो किंवा सोडतो. या दोन शब्दांमधील अंतर ध्यानांत ठेवून पुढील इतिहास वाचावा अशी आमची विनंती आहे.

यंत्राचें ज्ञान नसणाऱ्या गिऱ्हाइकास यंत्राचा लाभ मिळवून देणारें पहिलें गाजलेलें वाक्य अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर या गांवीं जन्मास आलें. जॉर्ज ईस्टमन हा तेथील एका पेढीवरचा कारकून. त्यास छायाचित्रणाचा छंद लागला, पण त्या काळीं हा छंद म्हणजे हमालीच होती: कांचेच्या तबकड्या, रसायनांच्या बाटल्या, अंधाऱ्या खोलीची सोय, आणि एवढें करून चित्र येईल याची शाश्वती नाहीं. ईस्टमननें १८८८ मध्यें ‘कोडॅक’ नांवाचा लहानसा कॅमेरा विक्रीस काढला. किंमत २५ डॉलर. आंत १०० चित्रांची फीत भरलेली. सर्व चित्रें घेऊन झालीं कीं गिऱ्हाइकानें कॅमेराच कारखान्यांत पाठवावयाचा. १० डॉलर घेऊन कारखाना चित्रें तयार करी आणि नवी फीत भरून कॅमेरा परत धाडी. या व्यवस्थेस ईस्टमननें स्वतःच वाक्य लिहिलें: ‘तुम्ही कळ दाबा, बाकीचें आम्ही करतों.’

या वाक्यांत एकहि विशेषण नाहीं. गिऱ्हाइकाचें काम कोणतें आणि दुकानदाराचें कोणतें, एवढीच वांटणी त्यांत आहे. परंतु ‘बाकीचें’ या एका शब्दामागें सबंध कारखाना उभा होता, आणि तो वाक्याच्या आधीं उभा राहिला होता. पुढील काळानें याच शब्दावर घाव घातला. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नांवाच्या अभियंत्यानें १९७५ मध्यें बनविला. पण जेव्हां तें तंत्र घरोघर पोंचलें, तेव्हां कळ दाबल्यावर करावयाचें ‘बाकीचें’ कांहीं उरलेंच नाहीं. जानेवारी १९१२ नव्हे, २०१२ च्या जानेवारींत, म्हणजे त्या वाक्यास सव्वाशें वर्षें होत आलीं असतां, कोडॅक कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. वाक्य खोटें ठरलें नाहीं. ज्या गरजेवर तें उभें होतें ती गरजच गेली.

कोडॅकनें वस्तु विकली. आमच्या तरुण मित्रांना मात्र सल्ला विकावयाचा आहे, आणि तो दाखवितां येत नाहीं. त्यांचे खरे पूर्वज आम्हांस बोस्टन शहरांत सांपडले. १८८६ मध्यें रॉजर ग्रिफिन आणि आर्थर डेहॉन लिटल या दोन रसायनज्ञांनीं तेथें भागीदारींत एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. दोघांचा अनुभव कागदाच्या गिरणींतला. कारखानदारांच्या मालाची परीक्षा करावयाची, आणि प्रयोगशाळेंत किंवा प्रत्यक्ष कारखान्यांत जाऊन त्यांच्या कृति सुधारून द्यावयाच्या, असें त्यांनीं जाहीर केलें. शास्त्राचा सल्ला पैसे मोजून घ्यावयाची कारखानदारांस तेव्हां संवय नव्हती. १८९३ मध्यें प्रयोगशाळेंतील अपघातांत ग्रिफिन मरण पावला. लिटलनें धंदा सोडला नाहीं. १९०९ मध्यें त्यानें स्वतःच्या नांवानें कंपनी नोंदविली. ओक वृक्षाचें बीं हें तिचें चिन्ह होतें, आणि ओक वाढावे म्हणून बीं पेरीत जा, अशा अर्थाचें लॅटिन वाक्य हें तिचें ब्रीद होतें.

वाक्य सुंदर खरें. पण लॅटिन वाक्यानें गिरणीमालकाची खात्री पटत नाहीं. ‘हें होणें नाहीं’ हें त्याचें उत्तर ठरलेलें असे, आणि त्यासाठीं इंग्रजींत एक तयार म्हणहि होती: डुकरिणीच्या कानाची रेशमी थैली होत नसते. आपण कुत्र्याचें शेपूट वांकडें तें वांकडेंच म्हणतों, तशी ही म्हण. १९२१ मध्यें लिटलनें या म्हणीसच हात घातला. शिकागोच्या एका मांसव्यापारी कंपनीकडून डुकरिणींच्या कानांपासून केलेला सरस त्यानें आणविला. तो शुद्ध करून, सूक्ष्म छिद्रांतून दाबून त्याचे धागे काढले, रसायनांत ते घट्ट केले, रंगविले, मागावर विणले; आणि जुन्या काळच्या सरदारघराण्यांतील स्त्रिया वापरीत तसली एक थैली तयार केली. या धाग्यास बाजारांत कांहीं किंमत नाहीं हें लिटलनें लपविलें नाहीं. उद्देश धागा विकण्याचा नव्हताच. अशक्य या शब्दाचा उच्चार करण्यापूर्वीं एकदां प्रयोग करून पाहावा, एवढेंच त्यास सांगावयाचें होतें. ती थैली पुढें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत गेली. सल्लागाराच्या धंद्यास इतकें बोलकें वाक्य दुसरें कोणी दिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आणि तें वाक्य नव्हतें, करून दाखविलेली वस्तु होती.

आपल्याकडेहि याचा पडताळा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं गेल्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि नांगर खपेनात. त्या समजुतीस एखाद्या सुरेख वाक्यानें उत्तर देतां आलें नसतें. तें उत्तर शेतांत पडलेल्या तासानेंच दिलें.

येथें कोणी म्हणेल, मग वाक्याची गरजच काय? गरज आहे; पण ती कोणासाठीं, हें पाहिलें पाहिजे. टॉमस वॉटसन हा डेटन येथील एका गल्लायंत्रांच्या कंपनींत विक्रीखात्याचा अधिकारी होता. १९११ मधील एका सभेंत विक्रेत्यांपाशीं नव्या कल्पना निघेनात, तेव्हां, आपणांस पगार मिळतो तो पाय झिजविण्याबद्दल नव्हे, डोकें चालविण्याबद्दल, असें बजावून त्यानें समोरच्या कागदावर एकच शब्द लिहिला: ‘विचार करा’. इंग्रजींत तो एकच शब्द आहे. १९१४ मध्यें वॉटसन दुसऱ्या एका कंपनीचा चालक झाला आणि हा शब्द बरोबर घेऊन गेला. १९२४ पासून तीच कंपनी आय. बी. एम. या नांवानें ओळखली जाऊं लागली. देशोदेशींच्या तिच्या कचेऱ्यांत भिंतींवर हा शब्द टांगलेला असे, आणि नोकरांच्या खिशांतील टिपणवह्यांवर तो छापलेला असे. १९९२ मध्यें कंपनीनें जो सुटसुटीत संगणक काढला त्याच्या ‘थिंकपॅड’ या नांवांतहि तीच टिपणवही आहे. ॲपल कंपनीनें १९९७ मध्यें ‘निराळा विचार करा’ या अर्थाचें वाक्य पुढें केलें, तें या जुन्या शब्दालाच दिलेलें उत्तर असें पुष्कळांनीं मानलें.

वॉटसनचा शब्द मुळांत गिऱ्हाइकास उद्देशून नव्हता. तो घरच्या माणसांस होता. ब्रीदाचें तोंड आंतल्या बाजूस असावें लागतें, हें येथें दिसतें. जो शब्द आपल्या नोकरास सकाळीं कामावर येतांना टोंचत नाहीं, तो गिऱ्हाइकास पटविण्याची आशा धरणें व्यर्थ होय.

दोन्ही बाजूंस तोंड असलेलें वाक्य मोटारी भाड्यानें देणाऱ्या एव्हिस या अमेरिकन कंपनीचें. हर्ट्झ ही तिची प्रतिस्पर्धी कंपनी तिच्याहून पुष्कळ मोठी होती, आणि एव्हिसनें कित्येक वर्षें नफ्याचें तोंड पाहिलें नव्हतें. १९६२ मध्यें नवे अध्यक्ष रॉबर्ट टाउनसेंड यांनीं न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाक या जाहिरातसंस्थेस काम सांगितलें. संस्थेच्या लोकांनीं कसून चौकशी केली. प्रामाणिकपणें सांगण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: कंपनी दुसऱ्या क्रमांकाची आहे, आणि तिचीं माणसें अधिक खटपट करतात. पॉला ग्रीन या लेखिकेनें त्यांतून वाक्य केलें: ‘आम्ही अधिक खटपट करतों.’ आमच्या खिडकीपुढची रांग लहान असते, असेंहि एका जाहिरातींत सांगितलें होतें. आपण लहान आहों हें लपविण्यासाठीं इतर लोक विशेषणें शोधतात. येथें लहानपण हेंच भांडवल झालें. वर्षभरांत कंपनी नफ्यांत आली, आणि तें वाक्य २०१२ पर्यंत पन्नास वर्षें टिकलें. मात्र त्याचा भार मोठा होता. मोटार अस्वच्छ निघाली, पेट्रोलची टांकी अर्धी निघाली, कीं गिऱ्हाईक तेंच वाक्य नोकराच्या तोंडावर मारूं शकत असे. तोडर बांधणें म्हणतात तें हेंच.

आठव्या दिवशीं आमचे मित्र आले. त्यांची यादी आम्हीं परत केली आणि विचारलें, ‘‘तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाचें काय झालें तें सांगा.’’ ते घोटाळ्यांत पडले. मग थोरल्यानें सांगितलें कीं, एका औषधविक्रेत्याकडे सगळी मांडणी करून दिली, पण तिसऱ्या दिवशीं रात्रीं दुकानाचा हिशेब जुळेना. दोघे तेथें गेले, आणि दोन वाजेपर्यंत बसून चूक काढली. पुढें आठवड्यांत आणखी तीन वेळां जावें लागलें. ‘‘त्याचे पैसे घेतले?’’ ‘‘छे, काम पुरें झालें नव्हतें, मग पैसे कसले?’’

‘‘मग तुमचें वाक्य तुमच्याजवळच आहे,’’ आम्ही म्हणालों, आणि कागदावर लिहून दिलें: ‘चालेपर्यंत येऊं.’

दोघांनीं तें वाचलें. धाकटा हंसला, थोरला हंसला नाहीं. बराच वेळ कागदाकडे पाहून तो म्हणाला, ‘‘काका, गिऱ्हाइकें पन्नास झालीं म्हणजे?’’

‘‘तेव्हांहि,’’ आम्ही म्हणालों. ‘‘नाहीं तर ‘उत्कृष्टतेचा ध्यास’ आहेच. त्यास कोणी कधीं जाब विचारीत नाहीं.’’

त्यानें कागदाची घडी करून खिशांत ठेवली आणि विचार करण्यास आठ दिवसांची मुदत मागितली. या वेळीं मुदत मागण्याची पाळी त्याची होती, आणि ती त्यानें मागितली यांतच आम्हांस त्या धंद्याविषयीं भरंवसा वाटला. पाटी रंगून आली आहे, तीवर तूर्त नांवच आहे. खालची जागा मोकळी ठेवली आहे.